घरात, वर्गात, गावात न मावणारी पोरं आणि त्यांच्या कादंबऱ्या

गोदाकाठची

एस. ई. हिंटन 'द आउटसायडर्स' लिहायला बसल्या तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या, ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात शाळेत जात होत्या. १९६७ साली पुस्तक आलं तेव्हा अठरा. मुलीनं लिहिलेली पोरांच्या टोळ्यांची गोष्ट समीक्षक मनावर घेणार नाहीत म्हणून प्रकाशकानं नावाची नुसती आद्याक्षरं छापली. गोष्ट सांगतो चौदा वर्षांचा पोनीबॉय. आईबाप अपघातात गेलेले, तीन भाऊ कसंबसं घर चालवतात. गरीब वस्तीतली तेल चोपडून केस वळवणारी पोरं एकीकडं, मोटारीतून फिरणारी पैसेवाल्यांची पोरं दुसरीकडं. एका रात्री मारामारीत जीव जातो आणि दोघं पळून एका ओसाड चर्चमध्ये लपतात. शेवटच्या पानावर कळतं की आपण वाचलं तो पोनीबॉयनं इंग्रजीच्या सरांसाठी लिहिलेला निबंध आहे.

भाचीच्या नादानं मी या वळणाची पुस्तकं वाचत सुटले. सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय'मधला (१९५१) होल्डन बहुतेकांना माहीत असतो. रॉबर्ट कॉर्मिएच्या 'द चॉकलेट वॉर'मध्ये (१९७४) शाळेच्या निधीसाठी चॉकलेटं विकायला जेरी नावाचा पोरगा नकार देतो, आधी पोरांच्या गुप्त टोळीच्या हुकमावरून आणि मग स्वतःच्या मनानं. तिथून टोळी आणि मास्तर दोघंही त्याच्या मुळावर उठतात. लॉरी हॅल्स अँडरसनच्या 'स्पीक'मधली (१९९९) मेलिंडा पार्टीत बलात्कार झाल्यावर पोलिसांना फोन लावते, पार्टी उधळते, कारण कुणालाच माहीत नसतं, आणि सगळी शाळा तिला वाळीत टाकते. ती बोलणंच जवळपास सोडते. त्याच वर्षीचं स्टीफन चबॉस्कीचं 'द पर्क्स ऑफ बीइंग अ वॉलफ्लॉवर' म्हणजे एका बुजऱ्या पोरानं अनोळखी माणसाला लिहिलेली पत्रं. शर्मन अलेक्सीच्या २००७ सालच्या 'पार्ट-टाइम इंडियन'च्या डायरीत अमेरिकेतल्या आदिवासींच्या राखीव वस्तीतला ज्युनिअर गोऱ्यांच्या शाळेत नाव घालतो. तिकडं तो एकटा पडतो आणि इकडं वस्तीत फितूर ठरतो.

मी तालुक्याच्या वाचनालयाचं काम बघते. आमच्या कपाटात दुखावलेली, बिथरलेली, कोपऱ्यात पडलेली मराठी पोरं भरपूर आहेत. पण त्यांची हकीकत जवळपास दर वेळी मोठा झालेला माणूस सांगतो. सांगणारा तोवर प्राध्यापक झालेला असतो, नाहीतर पुढारी, नाहीतर लेखक. वाचणाऱ्या पोराला पहिल्याच पानावर कळतं की हा सुटला. पोनीबॉयला मात्र उद्या काय होणार ते माहीत नसतं.

तर मराठवाड्यातल्या आजच्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोराची किंवा पोरीची, तिच्याच तोंडची, तिच्याच वयाच्या वाचकासाठी लिहिलेली कादंबरी दाखवा. नसेल तर का नाही ते सांगा. 'शाळा' सांगू नका, ती पाठ आहे.

पुणेकर_नाइलाजानं

ताई, सांगू नका म्हणालात म्हणून तीच सांगतो. मिलिंद बोकिलांची 'शाळा' (२००४) तुमच्या निम्म्या अटी पुऱ्या करते. नववीतला मुकुंद आणीबाणीच्या काळात स्वतःच्या तोंडानं सांगतो, वरून कुणी मोठा माणूस अर्थ लावत बसत नाही. पण तो बाहेरचा पोरगा नाही. त्याला टोळकं आहे, बरं घर आहे, समजून घेणारा मामा आहे. त्याला आवडणारी शिरोडकर गेल्यावर तो एकटा पडतो हे खरं, पण तोवर पुस्तक संपतं.

'कोसला' (१९६३) म्हणाल तर सांगवीकर खराखुरा न मावणारा. मात्र तो पंचविशीत उभा राहून मागचं सांगतो, आणि त्याचा बाप गावातला वजनदार माणूस आहे. मी परभणीहून पुण्याला इंजिनिअरिंगला आलो तेव्हा होस्टेलवर 'कोसला' वाचली आणि उदाहरणार्थ वगैरे सहा महिने तसंच बोलत होतो. त्याचं कारण आता कळतं. माझं स्वतःचं बोलणं ऐकून पोरं हसायची. 'करायलो', 'जायलो' म्हणलं की कुणीतरी नक्कल करायचं. उसनं बोलणं घेतलेलं परवडलं. त्या वयात मला ज्युनिअर भेटला असता तर बरं झालं असतं. दिवाळीला गावी गेलं की चुलतभाऊ म्हणायचे, 'आला बघा पुण्याचा शाणा'. दोन्हीकडून गेलो.

खडूस_वाचक

दाखवा दाखवा म्हणताय, पण असली पुस्तकं झाडाला लागत नाहीत. अमेरिकेत शाळांना ग्रंथपाल आहेत, त्यांना पुस्तकं घ्यायला पैसे आहेत, आणि किशोरवयीन वाचकांचं बघणारी ग्रंथपालांची स्वतंत्र संघटना १९५७ पासून आहे. २००० पासून या वयाच्या पुस्तकांसाठी प्रिंट्झ पुरस्कार सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी सन्मानाच्या यादीत 'स्पीक' होतं. म्हणजे लिहिणारा, छापणारा, घेणारा आणि पोराच्या हातात देणारा, अशी अख्खी साखळी आहे.

आपल्याकडं बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतं, आणि चांगलं निघतं. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून आहे. २०२४ चा भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला'ला मिळाला, सासणे मूळचे जालन्याचे, म्हणजे तुमच्या मराठवाड्यातलेच. पण सगळा कल बघा. साहस चालतं, विज्ञान चालतं, आजीची माया चालते. पोरगं बिथरलेलं चालत नाही. पुस्तक विकत घेणारा बाप असतो, आणि बापावर चिडलेल्या पोराचं पुस्तक तो कशाला विकत घेईल?

गोदाकाठची

@खडूस_वाचक, साखळीचं पटलं. पण आमच्याकडं घेणारी मीच आहे आणि अनुदानातून पुस्तकं निवडतेही मीच. मला द्या की नाव! यादी करायला बसले की 'कुमार' या खान्यात तीच शिवाजी महाराजांची चरित्रं, शास्त्रज्ञांच्या गोष्टी आणि यशाचे मंत्र येतात. अभ्यासिकेतली पोरं कादंबऱ्यांच्या खोलीत आली तर येतात मोबाईल चार्ज करायला.

कोरडवाहू

मी बीड जिल्ह्यात हायस्कूलला मास्तर आहे. मला होल्डनचं काही कौतुक नाही. बापाचा पैसा खिशात टाकून न्यूयॉर्कात हिंडायचं आन सगळं जग ढोंगी म्हणायचं, हे जमायला बाप पैसेवाला लागतो.

आमच्याकडली न मावणारी पोरगी सांगतो. दसरा-दिवाळी झाली की गाव रिकामं होतं. मुकादमाची उचल घेतलेले नवराबायको, त्या जोडीलाच कोयता म्हणतात, कारखान्याकडं जातात. काही लेकरं हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीपाशी राहतात, बाकीची सोबत जातात. आठवीतली पोरगी असली तर ती पहाटं उठून भाकऱ्या थापणार, कोपीवर, म्हणजे खोपटात, धाकटं सांभाळणार, दुपारून फडात मोळ्या बांधू लागणार. मार्च-एप्रिलला परत येती तेव्हा वर्ग पुढं गेलेला असतो, मैत्रिणींच्या जोड्या लागलेल्या असतात. ती मागच्या बाकावर बसती आन कुणी काही विचारलं की हसती. पुढच्या साली ती येतच नाही. लग्न झालेलं असतं, कारण नवराबायको झाले की नवा कोयता होतो, उचल मिळती.

तिला काय वाटतं हे कोणत्या पुस्तकात आहे? ऊसतोडीवर कथा आहेत, कविता आहेत, बातम्या तर ढिगानं आहेत. पण त्यात ती 'ऊसतोड मजुराची मुलगी' असती. कुणावर तरी चिडलेली, कुणी तरी आवडत असलेली, नटायची हौस असलेली, मैत्रिणीशी अबोला धरलेली पंधरा वर्षांची पोरगी नसती. दुःखाची मोठी नोंद झाली की बारकी दुःखं कुणी विचारत नाही, आन त्या वयात बारकीच जास्त टोचतात.

पुणेकर_नाइलाजानं

सर, शेवटच्या वाक्याला +१००. पण होल्डनवर अन्याय करताय. त्याचा धाकटा भाऊ मेलेला आहे आणि घरात त्यावर कुणी धड बोलत नाही, सगळा राग तिथून निघतो. पैशानं ते भरून येत नाही.

कोरडवाहू

येत नाही. पण पैशानं हॉटेलात रूम मिळती.

तेरणामाय

उशिरा आले धाग्यावर. मी लातूर-धाराशिव पट्ट्यात आयुष्यभर मराठी शिकवलं, आता निवृत्त. गोदाकाठची, तुझा प्रश्न चांगला आहे, पण मागं वळून सांगितलं म्हणून ते पोराचं राहत नाही, हे मला मान्य नाही बाई.

लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' (१९८७) घे. लातूर तालुक्यातलं धनेगाव, गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेली जमात. हा पोरगा शाळेत जायला लागतो तेव्हा गाव त्याला हुसकतंच, पण त्याची जमातही बिथरते. वस्तीत हगवण-ओकाऱ्यांची साथ आली तर तीही याच्या शाळेच्या माथी. तू त्या अमेरिकेतल्या ज्युनिअरचं सांगितलंस ना, ते हेच आहे, आणि वीस वर्षं आधी, तुझ्या घरापासून एसटीच्या अंतरावर. पुढं तो लातूरच्या सूतगिरणीत लागतो आणि गोष्ट कामगारांच्या लढ्याकडं जाते, पण आधीचा भाग वाच. तो भाग पंधरा वर्षांच्या पोरानंच लिहिलाय, हात तेवढा मोठ्या माणसाचा आहे. प्र. ई. सोनकांबळेंचं 'आठवणींचे पक्षी' (१९७९) तसंच. आईबाप गेलेलं लेकरू बहिणीच्या दारात राहून शिकतं. उपाशी राहण्यापेक्षा दुसऱ्याच्या घरात खाताना होणारी ओशाळवाणी अवस्था त्यात जास्त आहे. ते वाचून वर्गातली पोरं गप्प झालेली मी बघितली आहेत.

ही माणसं पंधराव्या वर्षी कादंबरी कशी लिहितील? टल्साच्या त्या मुलीकडं वेळ होता, शाळा होती, आणि लिहिलेलं छापणारं कुणीतरी होतं. आमच्या पोरांकडं जे होतं ते पोटात साठवून पस्तिशीत बाहेर काढलं. म्हणून ते वयस्कर होत नाही. खरं कारण वेगळंच आहे. त्यात शिव्या आहेत, भूक आहे, बायकांचे हाल आहेत, म्हणून कुमारांच्या कपाटात आपण ही पुस्तकं ठेवत नाही. मोठ्यांच्या कपाटात ठेवतो आणि मग म्हणतो, कुमारांसाठी काही नाही.

बोलीचं म्हणाल तर रा. रं. बोराडे सरांच्या 'पाचोळा'नं १९७१ सालीच दाखवलं की आमच्या बोलीत अख्खी कादंबरी एका बाईच्या तोंडून उभी राहते. सुनीता बोर्डेंची 'फिन्द्री' तर अलीकडची. नको असताना झालेली पोरगी, दारुडा बाप आणि लेकीला शिकवायला हट्टाला पेटलेली आई. तुळजापूरच्या देविदास सौदागरांना 'उसवण'साठी २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला, स्वतः शिवणकाम करून लिहिलंय त्यांनी. त्यातही शिंपी, पाचोळ्यातही शिंपी! पण ती कादंबरी संसारी माणसाची आहे, तुझ्या अटीत बसत नाही.

गोदाकाठची

मावशी, कपाटाचं म्हणणं काळजाला लागलं. तरी एक धरून ठेवते. आत्मचरित्र खरं घडलेलं असतं, म्हणून वाचणारं पोरगं आदरानं वाचतं. कादंबरीतल्या पोराशी ते भांडतं, त्याला गाढव म्हणतं, तसं 'उचल्या'शी कसं भांडणार? पोनीबॉयवर माझी भाची चिडली होती, भावाचं ऐकत का नाही म्हणून. ती चीड मला हवी आहे.

रिपीटर

नमस्कार. इथं बहुतेक मीच सगळ्यात लहान असेन. १८. लातूरला रूम करून राहते, डॉक्टरकीची 'नीट' परीक्षा दुसऱ्यांदा देणार आहे. 'द आउटसायडर्स' मी वाचली आहे, मैत्रिणीच्या फोनवर, रात्री दिवा बंद केल्यावर. इंग्रजी सोपं आहे, कुणाला भीती वाटत असेल तर वाटू देऊ नका.

तुम्ही सगळे ऊस, भूक, गाव असं बोलायलेत, ते खरंच आहे. पण आमच्या टोळ्या बॅचवरून पडतात. टेस्टचे मार्क आले की बॅच बदलते. वरच्या बॅचला चांगले सर, वेगळा हॉल. खाली ढकललं की ज्या मुलीसोबत रोज जेवत होते ती दुसऱ्या वेळेला यायला लागते, मग मेसमध्येही भेट होत नाही. रँकची यादी पालकांच्या ग्रुपवर जाते. पप्पा काही बोलत नाहीत, फक्त त्या रात्री फोन लवकर ठेवतात. काही मुलींना अजून गावाहून डबा येतो एसटीनं. स्टँडवर डबा घ्यायला जायचं म्हणजे अर्धा तास बाहेरची हवा. माझ्या भावाच्या वेळी २०२१ च्या शेवटाला संप झाला, गाड्या बंद, डबे बंद. तो म्हणतो त्या काळात त्याला घरची आठवण पहिल्यांदा आली, कारण तोवर चव येत होती ना रोज.

मला अशी कादंबरी पाहिजे ज्यात ती मुलगी शेवटी डॉक्टर झालेली नसेल. आणि नापास होऊन 'जीवन खूप मोठं आहे' असं शिकलेलीही नसेल. दोन्ही आम्हाला पोस्टरवर दिसतं रोज. तिनं फक्त एखाद्या मुलीला वाचवलं असेल तरी चालेल, किंवा कुणाशी तरी खूप भांडली असेल. पोनीबॉय सूर्य मावळताना बघतो ना, आणि पलीकडच्या टोळीतल्या मुलीला विचारतो की तुमच्या बाजूनं तो चांगला दिसतो का. माझ्या रूमला खिडकी आहे पण समोर दुसऱ्या होस्टेलची भिंत आहे. तिथं एक मुलगी रोज रात्री दोनला चहा करते. तिचं नाव मला माहीत नाही.

पुणेकर_नाइलाजानं

झाली की सुरुवात कादंबरीची. पुढं लिही.

रिपीटर

दादा, सगळे असंच म्हणतात. आधी फिजिक्स.

शांतपणे

शाळकरी मुलांचं समुपदेशन करतो, नांदेड-लातूर दोन्हीकडं. दोन मुद्दे.

पहिला 'स्पीक'बद्दल. मुलींच्या हातात जरूर द्या, मुलांच्याही द्या, पण देणाऱ्यानं आधी स्वतः वाचलेलं असावं. पुस्तक वाचून एखादं मूल येऊन सांगू शकतं की माझ्यासोबतही असं झालं. तेव्हा गोंधळून चालत नाही. त्या पुस्तकात मेलिंडा वर्षभर चित्रकलेच्या तासाला झाड काढत राहते आणि अगदी शेवटी चित्रकलेच्या सरांपाशी बोलायला तोंड उघडते. आपल्याकडं पोक्सो कायदा (२०१२) आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं त्याला पोलिसांना किंवा बालपोलीस पथकाला कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणजे मराठवाड्यातलं 'स्पीक' त्या पानावर संपू शकत नाही, तिथं ते सुरू होईल. पोलीस ठाणं, जबाब, भावकीची बैठक, 'मिटवून घ्या, पोरीच्या लग्नाचं बघा'. कुणी लिहिणार असेल तर हा भाग टाळू नका, मुलांना यातलं काहीच कुणी सांगत नाही.

दुसरा शेवटांबद्दल. 'द चॉकलेट वॉर'सारखा शेवट मी आधीच खचलेल्या मुलाला देणार नाही. @रिपीटर, तुला म्हणून नाही, धागा वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितो: झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

खडूस_वाचक

@शांतपणे, पहिला मुद्दा उत्तम, दुसरा अर्धाच पटला. कॉर्मिएला प्रकाशक म्हणत होते शेवट बदला, त्यानं बदलला नाही. जेरी मार खाऊन पडतो आणि मित्राला सांगू बघतो की ते म्हणतील तसं कर, अडू नकोस. भयंकर आहे. पण आपल्या पोरांना हे रोज घरात ऐकवलं जातं, 'मोठ्यांच्या पुढं बोलू नये', आणि त्याला आपण संस्कार म्हणतो. हेच वाक्य एका मार खाल्लेल्या पोराच्या तोंडून आलं की त्याची किंमत काय आहे ते वाचणाऱ्याला कळतं. गोड शेवट करणारा लेखक पोरांना फसवतोय, हे पोरांना सगळ्यात आधी समजतं.

शांतपणे

कळतं, जर वाचणारा सुरक्षित जागी उभा असेल. मी भेटतो ती मुलं तिथं नसतात. असो, यावर आपलं जमणार नाही.

कोरडवाहू

टोळ्यांवरून एक सांगायचं राहिलं, आन मला वाटतं खरी अडचण तिथंच आहे. हिंटनबाईंनी दोन टोळ्या पैशावर पाडल्या. वंशाबद्दल पुस्तकात जवळपास काहीच नाही, गोरीच पोरं दोन्हीकडं. आपल्याकडं तसं लिहून बघा. पहिल्या पानावर वाचणारा विचारणार, आडनाव काय?

मराठवाड्यानं हे आधी भोगलंय. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्यावरून १९७८ ला घरं जळाली, नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. त्या सोळा वर्षांत जी पोरं शाळेत होती त्यांच्या मैत्र्यांचं काय झालं? कविता आहेत, आठवणी आहेत. दोन दोस्तांची कादंबरी माझ्या वाचनात नाही. आन आता बघा. २०२३ च्या सप्टेंबरात अंतरवाली सराटीला लाठीमार झाला, तिथून आरक्षणावरून दोन्ही बाजूंनी रान पेटलं. कोण बरोबर कोण चूक हे इथं काढू नका, धागा बंद पडंल. मी वर्गात काय बघतो ते सांगतो. दहावीतली पोरं डबा खायला आडनावानं वेगळी बसायला लागली. क्रिकेटची टीम फुटली. स्टेटसला कुणाचा फोटो ठेवला यावरून मारामारी. दोन पोरं पहिलीपासून एका सायकलवर यायची, ती आता येगयेगळ्या वेळेला येतात, आन दोघंही मला सांगतात की 'तसं काही नाही सर'. पोनीबॉय आन ती पलीकडची मुलगी यांच्यात जे झालं ते ह्यांच्यात रोज होतंय. ही कादंबरी कुणी लिहिली तर दोन्हीकडून शिव्या खाईल, म्हणून कुणी लिहीत नाही. लाज वाटावी असं कारण आहे, पण खरं आहे.

तेरणामाय

कोरडवाहू, नामांतराच्या वेळी मी नवी नोकरीला लागलेली. वर्गात हजेरी घेताना आडनाव वाचायचं सोडून मी नंबर पुकारायला लागले होते. पोरांना कारण माहीत होतं. कुणी विचारलं नाही.

पुणेकर_नाइलाजानं

अजून एक विषय सुचतोय. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. त्यानंतर हजाराहून जास्त मुलं भारतीय जैन संघटनेनं शिक्षणासाठी पुण्याला नेली. आईबाप गेलेले, बोली वेगळी, अंगावर दान आलेले कपडे, आणि भेटायला येणारा प्रत्येक पाहुणा डोक्यावरून हात फिरवणार. बारा-चौदा वर्षांच्या पोराला त्या हाताचा किती राग येत असेल! ती मुलं आता चाळिशीत असतील. म्हणजे पुन्हा मावशींचं खरं होणार, पोटात साठवून आता कुणीतरी लिहील.

खडूस_वाचक

लिहू द्या. फक्त प्रस्तावना आमदारांची घेऊ नका.

तेरणामाय

खडूसबाबा, भूकंपातल्या गावांत पुनर्वसन झालं तेव्हा रांगेनं घरं बांधली, सगळी सारखी. माझ्या एका विद्यार्थिनीला शाळेतून येताना आपलं घर ओळखू यायचं नाही, म्हणून तिनं दारावर कोळशानं फुली मारली होती. वडील रागावले, नव्या घराला काळं कशाला फासलंस म्हणून. हे तिनं मला परीक्षेच्या पेपरात लिहून दिलं होतं, प्रश्न भलताच होता. अशी पानं प्रत्येक मास्तराच्या हातून गेलेली असतात.

गोदाकाठची

बरंच मिळालं. 'उचल्या' आणि 'आठवणींचे पक्षी' कुमारांच्या कपाटात हलवते, कुणी पालक भांडायला आलेच तर मावशींचा प्रतिसाद छापून समोर ठेवीन. 'फिन्द्री'च्या आणखी दोन प्रती मागवते. इंग्रजीतली हिंटन आणि अँडरसन घेते, कारण @रिपीटर म्हणते इंग्रजी सोपं आहे. माझ्या अटीत पुरी बसणारी मराठी कादंबरी मात्र अजून कुणी दाखवली नाही. दिवाळी अंकांच्या संपादकांपैकी कुणी वाचत असेल तर 'साधना'च्या बालकुमार अंकासारख्या ठिकाणी सलग लांब गोष्टीला जागा द्या, आणि लेखक विशीच्या आतला शोधा.

@कोरडवाहू सर, ते सायकलवाले दोघं वाचतात का काही?

कोरडवाहू

एक वाचतो. दुसरा चित्रं काढतो, वहीच्या मागं. दोघांना एकच पुस्तक देऊन बघतो, एकमेकाला न सांगता.

रिपीटर

एक तक्रार. खडूस काका, तुम्ही चॉकलेट वॉरचा शेवट फोडला. वर सूचना तरी द्यायची.

खडूस_वाचक

१९७४ चं पुस्तक आहे ग.

रिपीटर

माझ्यासाठी या आठवड्यातलं आहे. तरी वाचणार. पण मेमध्ये, पेपर झाल्यावर. तोवर कुणीतरी धागा वर काढत राहा.